पदवी झाली, पुढे काय?



आपल्या वसतिगृहातली एक मुलगी यंदा बी.ए. झाली. तिच्या पाड्यावरची ती पहिली पदवीधर. तिची पुस्तके, बसभाडे तुमच्यापैकी अनेकांनी दिले. आभार मानायला आली तेव्हा मी विचारले, "आता पुढे काय?" ती म्हणाली, "ताई, पुढं पण असतं का?"

असते, पुष्कळ असते. कोणत्याही शाखेच्या पदवीधराला दोन वर्षांचा एम.एस.डब्ल्यू. करता येतो. शिक्षिका व्हायचे तर बी.एड., तेही दोन वर्षांचे. प्राध्यापक व्हायचे तर एम.ए. आणि मग नेट किंवा सेट. एम.ए.ला खुल्या गटाला ५५ टक्के लागतात, अनुसूचित जमातीला ५०. पीएच.डी. करणाऱ्या आदिवासी विद्यार्थ्यांसाठी केंद्र सरकारची फेलोशिपही आहे.

मुले अडतात ती कागदांपाशी. जातीचा दाखला वेगळा आणि वैधता प्रमाणपत्र वेगळे, हेच अनेक घरांत ठाऊक नसते. बी.एड.सारख्या अभ्यासक्रमात राखीव जागा हवी तर वैधता लागते, आणि तपासणी समिती जुने पुरावे मागते, शक्यतो १९५० पूर्वीचे. आजोबा शाळेतच गेले नाहीत तर शाळेचा दाखला कुठला? मग कोतवाल बुकातली जन्ममृत्यूची नोंद, जमिनीचे जुने उतारे शोधायचे. हे काम दुसऱ्या वर्षालाच सुरू करावे. काही कुटुंबे विचारतात, आम्ही ख्रिस्ती, मग सवलत जाईल का? १९५० च्या अनुसूचित जमाती आदेशात धर्माची अट नाही. भीतीपोटी कोणी अर्ज टाळू नये.

दुसरी अडचण पैशाची. महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरला तरी रक्कम कित्येकदा वर्ष संपत आल्यावर येते, मेसवाला मात्र जुलैतच मागतो. सरकारी वसतिगृहात जागा नाही मिळाली तर स्वयम योजनेतून राहण्याजेवण्याचे पैसे मिळू शकतात, पण तेही लगेच नाहीत. गेल्या वर्षी आपला एक मुलगा दिवाळीला घरी आला तो परत गेलाच नाही. कॉलेजने त्याचा अर्ज पुढे पाठवलाच नव्हता, आणि विचारायची त्याला लाज वाटली. कमवा व शिका योजनेत दिवसाचे दोनतीन तास काम मिळते, हेही त्याला कोणी सांगितले नव्हते.

म्हणून यंदा आपण जुलै ते डिसेंबरच्या मेसखर्चासाठी वेगळा निधी ठेवत आहोत. मंडळीतल्या निवृत्त शिक्षकांनी आणि कचेरीत काम केलेल्यांनी महिन्यातून एक शनिवार अर्ज तपासायला द्यावा, ही विनंती. त्या मुलीच्या आजोबांचे नाव कोतवाल बुकात सापडले आहे. नक्कल मिळताच तिचा अर्ज जाईल.