छातीत दुर्बीण घालायची म्हणजे काय?



तोडणीच्या धामधुमीत खोकला, बारीक ताप, दम याकडे कोण लक्ष देतो? "टोळी एकदा फडाबाहेर जाऊ द्या, मग बघू," म्हणता म्हणता महिना जातो. मग फोटो काढला की डॉक्टर सांगतात, छातीत पाणी झालंय. सुईने पाणी काढून तपासले तरी कधी कधी कारण सापडत नाही. अशा वेळी चिखलीच्या माणसाला अकोला किंवा छत्रपती संभाजीनगरसारख्या शहरात जाऊन दुर्बिणीची तपासणी करून घ्यायला सांगतात. घरात लगेच गलका होतो, "छाती फाडणार म्हणे!" आणि माणूस घरीच बसतो. म्हणून हा लेख.

या तपासणीला थोरॅकोस्कोपी म्हणतात. स्वीडनचे डॉ. याकोबेउस यांनी १९१० साली ती प्रथम मांडली. तोंडा-नाकातून श्वासनळीत घालतात ती दुर्बीण वेगळी. इथे दोन बरगड्यांच्या मधून एक-दोन सेंटिमीटरच्या छेदातून दुर्बीण आत घालतात. छेद एक असतो, कधी दोन-तीन. छाती फाडत नाहीत.

जाण्यापूर्वी : चालू असलेली सर्व औषधे डॉक्टरांना दाखवावीत. रक्त पातळ करणारी गोळी, मधुमेह, औषधाची ॲलर्जी हे आवर्जून सांगावे. गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नये. बिडी-तंबाखू सोडावी. साधारण सहा तास आधीपासून जेवण बंद असते. वेळ डॉक्टर सांगतील, ती पाळावी.

तपासणीत : पूर्ण भूल देतात, किंवा तेवढी जागा बधिर करून गुंगीचे औषध देतात. साचलेले पाणी काढतात, फुफ्फुसावरचे आवरण डोळ्यांनी पाहतात आणि संशयित जागेचा बारीक तुकडा काढून घेतात.

नंतर : छातीत एक नळी असते, तिचे टोक बाटलीत. बाटलीत बुडबुडे दिसले म्हणून घाबरू नये. मात्र बाटली छातीच्या वर उचलू नये, आडवी करू नये. भेटायला येणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावे. फुफ्फुस नीट फुगले की नळी काढतात. काही दिवस खोकताना दुखते. रक्तस्राव, जंतुसंसर्ग, हवा गळणे हे धोके थोड्यांना होतात. घरी आल्यावर दम वाढला, ताप आला, जखमेतून पू वा रक्त आले तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. डॉक्टर हो म्हणेपर्यंत मोळी उचलू नये.

तुकड्याचा अहवाल काही दिवसांत येतो. क्षयाच्या जंतूंची वाढ तपासायला काही आठवडे लागतात. आपल्या देशात छातीत पाणी होण्याचे मोठे कारण क्षय आहे आणि तो बरा होतो. औषधे सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. आहारासाठी नोव्हेंबर २०२४ पासून दरमहा १,००० रुपये ठरले आहेत. कर्करोग निघाला, तर लवकर कळलेले केव्हाही बरे.

तोडीची पाळी चुकली तर शेजारी सांभाळून घेईल. तपासणीची तारीख मात्र चुकवू नका. जाताना घरचे एक माणूस आणि जुने फोटो बरोबर न्या, आणि मनात असेल ते डॉक्टरांना न लाजता विचारा.