हरलेली पैज

1998 साली जर्मनीतल्या ब्रेमेनमध्ये दिवसभराची व्याख्यानं आटोपून दोघे जण बारमध्ये बसले होते. मेंदूचे अभ्यासक क्रिस्टोफ कॉख आणि तत्त्वज्ञ डेव्हिड चाल्मर्स. बोलण्याच्या भरात कॉख यांनी पैज लावली : मेंदूतली जाणिवेची नेमकी खूण 25 वर्षांत सापडेल. हरेल त्यानं उंची वाइनची पेटी द्यायची.

कॉख उगाच फुशारले नव्हते. डीएनएची रचना उलगडणारे फ्रान्सिस क्रिक त्यांच्या जोडीला होते आणि सेकंदाला चाळीसेक वेळा एका तालात झंकारणाऱ्या पेशींवर दोघांची भिस्त होती. चाल्मर्स यांचा हेका मात्र एकच. दाढ ठणकताना कुठल्या पेशी जाग्या होतात ते सांगाल हो, पण ते ठणकणं मुळात का 'जाणवतं'?

चाळिसाचा ताल मागे पडला, नवे सिद्धान्त आले, त्यांच्यात जुंपली. जून 2023 मध्ये न्यू यॉर्कच्या व्यासपीठावर कॉख यांनी हार मानली आणि पेटी दिली. बातमी झाली ती वाइनची.

मला त्या 25 वर्षांतलं आठवतं ते 2006. अपघातानंतर काही महिने डोळे उघडे, पण कशालाच प्रतिसाद नाही, अशी 23 वर्षांची तरुणी. मेंदूचे अभ्यासक एड्रियन ओवेन यांच्या चमूनं तिला स्कॅनरमध्ये ठेवून सांगितलं, तू टेनिस खेळते आहेस अशी कल्पना कर. मग सांगितलं, घरातल्या खोल्यांमधून फिरून ये. दोन्ही वेळी मेंदूचे वेगवेगळे भाग उजळले. धडधाकट माणसांचे उजळतात तेच. बोट न हलवता ती पोरगी सांगितलेलं ऐकत होती! 2010 मध्ये अशाच एका रुग्णानं 'हो'साठी टेनिस आणि 'नाही'साठी घर ही खूण वापरून सहापैकी पाच प्रश्नांची बरोबर उत्तरं दिली. पैकी एक वडिलांच्या नावाचा.

ठणकण्याचं कोडं जागच्या जागीच आहे. पण ते न सोडवताही खाटेवरच्या माणसाशी बोलता आलं. मला हे वाइनपेक्षा मोठं वाटतं. 2024 च्या एका अभ्यासात सांगूनही काहीच न करणाऱ्या 241 रुग्णांपैकी 60 जण मनातल्या मनात सूचना पाळत असल्याचं मेंदूच्या नोंदींवरून दिसलं.

कॉख आणि चाल्मर्स यांनी पैज पुन्हा लावली आहे, 2048 पर्यंत. आयसीयूबाहेरचे नातेवाईक मात्र आजच विचारतात, "शुद्ध आली का हो?" आणि आत डॉक्टर पेशंटच्या तळव्यात दोन बोटं ठेवून मोठ्यानं म्हणतात, "काका, हात दाबा."