रिमोटवरच्या रोबोची जुळणी

गोवा सरकारने २०२१ मध्ये ‘केअर्स’ योजना आणली आणि सरकारी व अनुदानित शाळांत सहावीपासून कोडिंग-रोबोटिक्स शिकवायला सुरुवात झाली. पेडण्यातल्या कोरगावसारख्या गावांतल्या मुलांसाठी ही फार मोलाची गोष्ट आहे.

रिमोटवर चालणाऱ्या रोबो-गाडीच्या साध्या किटमध्ये आर्डुइनो हा नियंत्रक बोर्ड, मोटर ड्रायव्हर, दोन गिअर मोटर, बॅटरी आणि ब्लूटूथ मोड्यूल असतं. यातला ड्रायव्हर नीट समजून घ्यावा. आर्डुइनोच्या ‘उनो’ बोर्डाच्या पिनमधून जेमतेम २० मिलिअँपिअर प्रवाह घ्यावा असं सांगतात; मोटरला त्याच्या कितीतरी पट लागतो. तो प्रवाह ड्रायव्हर बॅटरीतून पुरवतो. एका मोटरच्या वायरी उलट जोडल्या की गाडी पुढे न जाता जागच्या जागी गरगरते. चूक कुठे झाली, हे मुलांनाच शोधू द्यावं. रिमोटचा आदेश ब्लूटूथवरून येतो; त्याचा पल्ला साधारण १० मीटर. वर्गात तेवढा पुरतो.