साथीच्या दिवसांतील सोबत

साथ येत आहे अशी वार्ता कानीं पडली, कीं शहाणा गृहस्थ धान्य भरून ठेवतो, दार लावून घेतो आणि माणसांपासून दूर राहतो. ज्याचें दुसऱ्याच्या हातावांचून अडत नाहीं, त्याला हा उपाय ठीक आहे. परंतु ज्याला सकाळीं अंथरुणांतून उठावयासहि कोणी तरी लागतें, त्यानें दूर राहावें तें कोणापासून?

हा प्रश्न आमच्यापुढें २०२० सालीं उभा राहिला. शाळेंतून निवृत्त झाल्यावर आम्ही दिव्यांग मुलांच्या एका वसतिगृहांत संस्कृत शिकवावयास जात असूं. ९ मार्चला पुण्यांत कोविडचे पहिले रुग्ण आढळले, त्याच आठवड्यांत एका अंध विद्यार्थ्यानें विचारलें, "गुरुजी, कशाला हात लावूं नका म्हणतात. मग आम्हीं पाहावयाचें कशानें?" सारा जन्म शिकविण्यांत घालवूनहि आम्हांस उत्तर सुचलें नाहीं.

उत्तर तेथील अधीक्षिकाबाईंनीं कृतीनें दिलें. त्यांनीं स्पर्शास बंदी केली नाहीं. प्रत्येक दाराच्या उजव्या अंगास, मुलांना न शोधतां सांपडेल अशा जागीं, साबण व पाणी ठेविलें. कठडे, कड्या आणि पांढऱ्या काठ्या रोज पुसून घेण्याचा नेम घातला. पुढें आम्हीं त्या मुलास विचारलें, "आतां कशानें पाहतोस?" तो म्हणाला, "धुतलेल्या हातानें, गुरुजी."

बहिऱ्या मुलांची अडचण निराळी. मुखपट्टीनें बोलणाराचे ओंठ झांकले, कीं त्यांचें ऐकणेंच बंद होतें. त्यांच्यासाठीं पारदर्शक तुकडा लावलेल्या मुखपट्ट्या शिवून घेतल्या व पाटी-पेन्सिल जवळ ठेविली. बौद्धिक दिव्यांग मुलांना नित्यक्रमांतील बदल सोसत नाहीं. त्यांना साथ दारीं येण्यापूर्वींच रोज थोडा थोडा वेळ मुखपट्टी बांधण्याची संवय लाविली.

परंतु खरी तयारी आम्हीं पाहिली ती एका वहींत. प्रत्येक मुलाचें एक पान: औषध कोणतें व केव्हां, उचलावें कसें, घांस केवढा द्यावा, नकार कोणत्या खुणेनें दाखवितो, भितो कशाला. नेहमींची सेविका आजारी पडली, तर नव्या बाईनें तें पान वाचून काम हातीं घ्यावें. फेफऱ्याचें औषध एकाएकीं तुटलें तर झटके पुन्हां येऊं लागतात; म्हणून त्याचा महिन्याचा सांठा आधींच केला. सेविकांचे दोन गट पाडले व त्यांची एकमेकींशीं गांठ पडूं दिली नाहीं. एक गट आजारी पडला तर दुसरा उभा असावा. आजारांत घरीं राहिलेल्या सेविकेचा पगार कापावयाचा नाहीं, असेंहि ठरविलें. पगार कापला, तर ताप लपविला जातो. आणि लपविलेला ताप घांसाबरोबर मुलाच्या तोंडाशीं पोंचतो.

कायद्यासहि हें ओळखण्यास फार काळ लागला. प्लेगच्या दिवसांत झालेल्या १८९७ च्या साथरोग कायद्यांत अशा माणसांविषयीं अवाक्षर नाहीं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या ८ व्या कलमानें संकटकाळीं त्यांना इतरांइतकेंच संरक्षण देऊं केलें. २५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी सुरू झाली आणि दुसऱ्याच दिवशीं केंद्र सरकारनें सूचना काढल्या: माहिती ब्रेलमध्यें, ध्वनिफितींवर व सांकेतिक भाषेंत द्यावी, सेवा करणारांना ये-जा करण्यास मोकळीक अथवा परवाने द्यावे. सूचना योग्यच होत्या. परंतु मागून येणारा परवाना पहिल्या दिवसाची पाळी भागवीत नाहीं; ती भागविली वहीनें व दुसऱ्या गटानें.

वाचकहो, हें केवळ संस्थांपुरतें नव्हे. आपल्या मोठ्या कुटुंबांतहि दृष्टि गेलेल्या आजी असतात, अर्धांगानें खिळलेले काका असतात, आणि त्यांचें सारें बहुधा एकाच सुनेला ठाऊक असतें. ती सून आठ दिवस अंथरुणावर पडली, तर काकांना कुशीवर कोण व कसें वळवील? घरच्या मंडळींनीं आजच संध्याकाळीं एकत्र बसून याचें उत्तर एका पानावर लिहावें. ज्या घरीं तें पान लिहिलेलें असेल, तेथें साथ आली तरी सोबत तुटणार नाहीं.