गाणी पेनड्राईव्हवर आली, नावं मागे राहिली

जालना जिल्ह्यातून सीडी हद्दपार केली ती ट्रॅक्टरने. घरातल्या प्लेअरवर ती बरी चालायची. पण कापसाची ट्रॉली घेऊन जिनिंगला निघालं, नाहीतर ऊस घेऊन अंकुशनगरच्या समर्थ कारखान्याकडे, की पहिल्याच खड्ड्यात गाणं अडकायचं. ट्रॅक्टरवरच्या टेपच्या लेन्सवर धूळ बसली की तो तबकडी बाहेरच टाकायचा. पेनड्राईव्हमध्ये फिरणारं काही नाही, म्हणून अडकणारंही नाही. 2000 साली तो जगाच्या बाजारात आला तेव्हा 8 एमबीचा होता, म्हणजे जेमतेम दोन गाण्यांचा. आपल्याकडे रुळेपर्यंत 2 आणि 4 जीबीचे मिळू लागले होते.

मधला टप्पा एमपी3 सीडीचा. ऑडिओ सीडीत मिनिटभराच्या आवाजाला साधारण 10 एमबी लागतात आणि 80 मिनिटांत ती भरते. तोच आवाज 128 केबीपीएसच्या एमपी3त मिनिटाला एक एमबीवर येतो. एका तबकडीत दीडशेच्या आसपास गाणी. कॉम्प्युटरवाल्या दुकानांनी हा धंदा उचलला: सकाळी यादी द्यायची, संध्याकाळी सीडी न्यायची. नीरो सॉफ्टवेअरवर सीडी ‘मारताना’ लोडशेडिंग झालं की ती वाया. बहुतेक कारभार चोरीचाच, आणि त्यात कॅसेट कंपन्यांचं कंबरडं मोडलं, हेही खरं.

पुढे ‘पेनड्राईव्हमधे गाणे टाकून दे’ सुरू झालं. पुष्कळांनी सीडी उघडून दिसतील त्या फायली सरळ कॉपी केल्या. एकेक फाईल एक केबीची! टेपला लावलं तर चिडीचूप. त्या सीडीए फायली म्हणजे गाणं तबकडीवर कुठे आहे, एवढाच पत्ता, गाणं नव्हेच. ते ‘रिप’ करून काढावं लागतं. रिप करणाऱ्यांतही कितीकांचा विंडोज मीडिया प्लेअर डब्ल्यूएमए फायली बनवायचा आणि स्वस्तातल्या टेपला त्या वाचता यायच्या नाहीत. वर बरेच टेप फायली नावाच्या नव्हे, कॉपी केल्याच्या क्रमाने वाजवत. कीर्तनाचा उत्तरार्ध आधी आणि नमन शेवटी.

खरं नुकसान झालं ते नावांचं. ऑडिओ सीडीवर गाण्यांची नावं सहसा नोंदलेलीच नसतात. कॉम्प्युटर ती इंटरनेटवरच्या सूचीतून आणतो, आणि त्या सूचीत आपल्याकडच्या लोकगीतांच्या, भीमगीतांच्या सीडी क्वचितच सापडायच्या. त्यामुळे फायली झाल्या ‘ट्रॅक 01’, ‘ट्रॅक 02’. कॅसेटच्या वेष्टनावर गीत, संगीत, गायक अशा तीन ओळी तरी असत. नावं गेली तरी गायक प्रल्हाद शिंदे तरले, त्यांचा आवाजच सही होता. वामनदादा कर्डकांसारख्या गीतकाराचं काय? शब्दांना ऐकू येणारी ओळख नसते. दोघंही 2004 साली गेले. 14 एप्रिलला वामनदादांची गाणी आजही चौकाचौकांत वाजतात, पण वाजवणाऱ्या पोराच्या पेनड्राईव्हमध्ये त्यांचं नाव असेलच असं नाही. गायकाच्या रकान्यात अनेकदा कुठल्यातरी वेबसाईटचा पत्ता असतो, हा तर कळसच.

सप्टेंबर 2016 मध्ये जिओ आलं आणि तरुण मंडळी यूट्यूबकडे वळली. बाजारातल्या सीडींची आता फारशी काळजी नको. त्यातलं बरंच काही कुठेतरी सापडतं. काळजी आहे ती गावच्या अखंड हरिनाम सप्ताहात साउंडवाल्याने रेकॉर्ड करून दिलेल्या सीडींची. त्यांची दुसरी प्रत बहुधा नसतेच. लिहिता येणाऱ्या सीडीतला रंगद्रव्याचा थर उष्णतेने आणि उजेडाने खराब होतो, आणि आपला उन्हाळा चाळिशी ओलांडतो. म्हणून त्या वेळीच उतरवून घ्याव्यात. नव्या लॅपटॉपला तबकडीचा कप्पाच नाही; यूएसबीवर चालणारा बाहेरचा ड्राईव्ह आणावा लागतो. मूळ प्रत फ्लॅकमध्ये हार्ड डिस्कवर ठेवावी, कारण त्यात आवाजाचा काहीच भाग गळत नाही. ट्रॅक्टरसाठी एमपी3 वेगळी करावी, आणि पेनड्राईव्ह एफएटी32 मध्ये फॉरमॅट केलेला बरा. फायलीला नाव देताना गाव, तिथी, साल लिहावं. कीर्तनकार महाराजांचं नाव सगळ्यांना आठवतं. मृदंगावर कोण होतं आणि चाल कोणी धरली, ते सांगणारी माणसं गावात आहेत तोवर विचारून घ्यावं.