मराठी साहित्याचा पदव्युत्तर अभ्यास : वाचनाकडून संशोधनाकडे

मराठी विषय घेऊन एम.ए. होणे म्हणजे आणखी काही कथा-कादंबऱ्या वाचणे, असा समज सर्वत्र आढळतो. पदवी हाती आली की वेतनात किंवा बढतीत काही लाभ होईल, एवढ्याच हेतूने कित्येकजण या अभ्यासक्रमाकडे वळतात. यात गैर काही नाही. परंतु या अभ्यासाचे खरे प्रयोजन त्याहून व्यापक आहे. एखादी साहित्यकृती कशी घडली, कोणत्या भाषेत घडली, तिचा मूळ पाठ कोणता आणि समाजाने ती का जपली, हे पुराव्यानिशी तपासण्याची शिस्त म्हणजे साहित्याचा पदव्युत्तर अभ्यास होय.

अभ्यासाला मिळालेले स्थान

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ साली झाली. तथापि एम.ए.च्या परीक्षेत मराठीला स्थान मिळण्यास विसावे शतक उजाडावे लागले. त्यासाठी न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी दीर्घकाळ आग्रह धरला होता. पुढे नागपूर (१९२३), पुणे (१९४९), मराठवाडा (१९५८) व शिवाजी (१९६२) ही विद्यापीठे स्थापन झाली आणि हे शिक्षण जिल्ह्या-जिल्ह्यांत पोहोचले. नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांसाठी १९८९ साली नाशिक येथे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. आणि ज्या रिद्धपुरास महानुभाव वाङ्मयाच्या इतिहासात मानाचे स्थान आहे, त्याच अमरावती जिल्ह्यातील गावी मराठी भाषा विद्यापीठ स्थापन झाले आहे.

अभ्यासात काय असते ?

विद्यापीठागणिक तपशील बदलतो; परंतु प्राचीन व अर्वाचीन वाङ्मयाचा इतिहास, साहित्यशास्त्र व समीक्षा, भाषाविज्ञान आणि लोकसाहित्य, दलित, ग्रामीण व स्त्रीवादी साहित्य ही अंगे बहुतेक ठिकाणी असतात. संशोधनपद्धती व शोधप्रकल्प यांनाही आता स्वतंत्र श्रेयांक आहेत. महाविद्यालयात अध्यापन करू इच्छिणाऱ्यास या पदवीनंतर नेट किंवा सेट परीक्षेची तयारी करावी लागते. महाराष्ट्र व गोवा या दोन राज्यांसाठी सेट परीक्षा पुण्याचे सावित्रीबाई फुले विद्यापीठ घेते.

या विषयांमागील दृष्टी मराठीला परकी नाही. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी श्रीचक्रधरांच्या सहवासात राहिलेल्या माणसांना भेटून त्यांच्या आठवणी गोळा केल्या व त्यांतून 'लीळाचरित्र' सिद्ध केले. आज ज्याला क्षेत्रीय अभ्यास म्हणतात, तो याहून फारसा निराळा नाही. इ.स. १२९० मधील ज्ञानेश्वरीच्या प्रतींत पुढे अपपाठ शिरले. संत एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, तिची शुद्ध प्रत सिद्ध केली. पाठचिकित्सेचा हा वस्तुपाठ एम.ए.च्या प्रत्येक विद्यार्थ्याने समजून घ्यावा असा आहे.

मूळ ग्रंथ की मार्गदर्शिका ?

आजची मोठी अडचण वेगळीच आहे. परीक्षेपुरत्या तयार उत्तरांच्या मार्गदर्शिका वाचून उत्तीर्ण होता येते आणि नेमलेला मूळ ग्रंथ न उघडताही पदवी पदरात पडते. अशी पदवी घेतलेला शिक्षक वर्गात कविता शिकवू लागला की त्याच्याजवळ सांगण्यासारखे दुसऱ्याचे मत तेवढे उरते. विद्यार्थ्याच्या बोलीतला शब्द त्याला अशुद्ध वाटतो. कारण बोली हीसुद्धा अभ्यासाची सामग्री आहे, हे त्याला कोणी दाखविलेले नसते.

बहिणाबाई चौधरी यांचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. त्या निरक्षर होत्या. शेतात, घरात काम करताना सुचलेली त्यांची गाणी घरच्या मंडळींनी टिपून ठेवली. त्यांच्या निधनानंतर १९५२ साली ती पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली आणि खानदेशच्या बोलीतील काव्य विद्यापीठाच्या अभ्यासक्रमापर्यंत पोहोचले. ती टिपून ठेवली नसती तर मराठी कविता एका मोठ्या ठेव्याला मुकली असती. जात्यावरच्या ओव्यांचेही तसेच. गी प्वातव्हँ व हेमा राईरकर यांच्या पुढाकाराने झालेल्या संकलनात अशा एक लाखाहून अधिक ओव्या नोंदविल्या गेल्या. परंतु गावोगाव पिठाच्या गिरण्या आल्या, जाती थांबली आणि ओव्या मुखोद्गत असलेली पिढी आता वृद्धापकाळी पोहोचली आहे. जे आज नोंदविले जाणार नाही, ते उद्या मिळणार नाही.

गावाचा वाटा

येथे ग्रामपंचायत, शाळा व ग्रंथालय यांना करण्यासारखे पुष्कळ आहे. १९६७ च्या कायद्यान्वये शासनमान्य झालेल्या सार्वजनिक ग्रंथालयांनी एम.ए.ला नेमलेले मूळ ग्रंथ व एखादा चांगला शब्दकोश ठेवावा. तुकारामांची शासकीय गाथा (१९५०), महात्मा फुले समग्र वाङ्मय (१९६९) यांसारखी शासनाच्या वतीने प्रसिद्ध झालेली पुस्तके संग्रही असावीत. मुख्याध्यापकांनी बहि:स्थ शिकणाऱ्या शिक्षकांना परीक्षेच्या व संपर्कवर्गांच्या दिवसांत नियमानुसार रजा मिळेल असे पाहावे. पंचायत सदस्यांनी आपल्या गावातील शोधप्रकल्प करणाऱ्या विद्यार्थ्याची वृद्ध स्त्रिया, भजनी मंडळी, गोंधळी व शाहीर यांच्याशी गाठ घालून द्यावी. नोंद करताना सांगणाऱ्याची संमती, गाव, तारीख आणि शब्द जसा उच्चारला तसाच लिहून ठेवण्याची दक्षता विद्यार्थ्याने घ्यावयास हवी. त्या नोंदवहीची एक प्रत गावच्या ग्रंथालयात राहिली, तर त्या पदवीचा लाभ साऱ्या गावाला होईल.

अभिजात दर्जामुळे मराठीचा गौरव झाला. त्या गौरवास साजेसा अभ्यास मात्र मूळ ग्रंथ हाती घेणाऱ्या आणि आपल्याच गावची भाषा कान देऊन ऐकणाऱ्या विद्यार्थ्यांकडूनच घडावयाचा आहे.