विश्लेषण : काळ्या कातळाच्या जुन्नरला चुना मिळाला कुठून?

जुन्नर-आंबेगावचा डोंगर म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा काळा बेसाल्ट. त्यात चुनखडकाचे थर नाहीत. तरी शिवनेरीसारख्या किल्ल्याच्या बांधकामाला चुना लागलाच. तो येतो कशातून?

मातीतले पांढरे खडे

कोकण किनाऱ्यावर आणि बेटांवर शिंपले भाजून चुना करत. घाटमाथ्यावर शिंपले नाहीत, पण नदीकाठच्या गाळात चुनखडीचे ओबडधोबड खडे आहेत. बेसाल्ट झिजताना सुटलेले कॅल्शियम पाण्याबरोबर मातीत उतरते आणि पाणी आटले की त्याचे खडे बनतात. नारायणगावकडच्या द्राक्ष बागायतदारांना चुनखडीची जमीन नकोशी वाटते, कारण तिथे वेलीला लोह मिळत नाही आणि पाने पिवळी पडतात. गवंड्याला मात्र हेच खडे हवे असत.

भट्टीत काय घडते?

खडे सुमारे ९०० अंश सेल्सिअसला भाजले की कार्बन डायऑक्साइड उडून जातो. शुद्ध चुनखडक १०० किलो असेल, तर कळीचा चुना उरतो ५६ किलो. नदीकाठच्या खड्यांत माती असते, त्यामुळे चुना कमी पडतो. पण भाजताना ती माती चुन्याशी संयोग पावते आणि असा चुना ओलाव्यातही घट्ट होतो. पाण्याच्या टाक्यांना तोच लागतो.

कळीच्या चुन्यावर पाणी टाकले की तो उकळू लागतो. विझलेला चुना वाळू आणि विटांच्या चुऱ्यासह घाणीत घालायचा. बैल गोल फिरत आणि दगडी चाक ते मिश्रण मळत राही. अनेक किल्ल्यांवर अशी चाके आजही पडलेली दिसतात. मिश्रणात गूळ आणि हिरड्याचे पाणी घालण्याचीही पद्धत होती. हिरडा तर इथलाच! जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यातील आदिवासी कुटुंबे आजही बाळहिरडा गोळा करून विकतात.

मग सिमेंटने डागडुजी का नको?

पोर्टलँड सिमेंटचे पेटंट १८२४चे. ते लवकर घट्ट होते, म्हणून चुनाभट्ट्या मागे पडल्या; मुंबईत तर एका स्थानकाच्या नावातच भट्टी उरली. पण चुन्याच्या सांध्यातून भिंतीतली ओल बाहेर पडते, सिमेंट ती आत कोंडते. मग ओल आजूबाजूच्या जुन्या चुन्यातून आणि दगडातून वाट काढते, क्षार साचतात, कडांचे पापुद्रे सुटतात. पावसाळ्यात चार महिने भिजणाऱ्या तटाला हे परवडणारे नाही.

गडावर गेलात तर सांधे नीट पाहा. करडा, गुळगुळीत लेप बहुधा सिमेंटचा. पांढरट, मध्ये विटेचे तांबूस कण असलेला चुन्याचा. ओरखडून मात्र पाहू नका, शिवनेरी संरक्षित स्मारक आहे.